नव्वदातले चौदा कुठे गेले?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एका कागदाचा फोटो. त्यावर डोंगरासारख्या चढत गेलेल्या दोन रेषा, आणि खाली लाल पेनाने गोल केलेला आकडा : ७६. सोबत दोनच शब्द. "मामा, फसलो."

भाचा पुण्यात नोकरीला असतो. वर्षभरापूर्वी त्याने पेट्रोलवरची छोटी गाडी घेतली. माहितीपत्रकात ताकद लिहिली होती ९० पीएस. मित्रांच्या नादाने त्याने ती डायनोवर चढवली. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रोलर. त्यावर चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा आणि चाकापाशी किती जोर पोचतो ते मोजायचं. निघाले ७६. चौदा घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, गायब, आणि आमचे चिरंजीव रात्री साडेअकराला ग्राहक आयोगात जायची भाषा करत होते.

"झोप आता, शनिवारी नाशिकला ये," असं लिहून मी फोन उलटा ठेवला. पण झोप मलाही लागेना. माझा जन्म गिअरमध्ये गेलाय. सातपूरच्या एका कारखान्यात हॉबिंग मशीनवर, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्या मशीनवर, हेल्पर म्हणून लागलो, सेटर झालो, आणि आता अंबडला दोन जुन्या मशिनी टाकून जॉबवर्क करतो. इंजिन आणि चाक यांच्या मधली जी जागा आहे, तिच्यातले दात कापण्यातच माझे केस पिकले. भाच्याने चोर कोण ते विचारलं होतं, आणि त्या टोळीतला एक त्याचा मामाच निघाला.

आधी सोपा हिशेब. माहितीपत्रकातला आकडा पीएसमध्ये, डायनोच्या कागदावरचा बीएचपीमध्ये. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जी ताकद लागते तो एक पीएस, म्हणजे ७३५.५ वॅट. बीएचपीतला हॉर्सपॉवर ब्रिटिश मापाचा, ७४५.७ वॅटचा. म्हणजे ९० पीएस म्हणजे पावणेएकोणनव्वद बीएचपी. चौदातला सव्वा घोडा असा मापाच्या फरकातच गेला, तो कुणी चोरलाच नव्हता.

दुसरं म्हणजे, ९० हा आकडा चाकाचा नसतोच. इंजिन एकटं टेस्ट बेडवर बसवून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाशी मोजलेला तो आकडा. अमेरिकेत १९७२ च्या आधी तर याहून गंमत होती. पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर, सगळं काढून ठेवून उघड्या इंजिनाचा आकडा जाहिरातीत छापत. १९७२ पासून सगळा संसार जोडून मोजायला लागले, आणि त्याच इंजिनांचे आकडे एका वर्षात धाडकन खाली आले. गाड्या त्याच, घोडे कमी. आपल्याकडचे आकडे निदान संसारासकटचे असतात.

आता संसाराच्या पुढचा प्रवास. भाच्याच्या गाडीत इंजिन आडवं बसलंय आणि पुढची चाकं फिरतात. क्लचमधून ताकद गिअरबॉक्समध्ये येते, दातांच्या एका जोडीतून जाते, मग डिफरन्शिअलवरच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्यावरच्या) दुसऱ्या जोडीतून, मग ॲक्सल, जॉइंट, बेअरिंग, चाक. चांगल्या ग्राइंड केलेल्या हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांची एक जोडी ९८ ते ९९ टक्के ताकद पुढे देते. दोन जोड्या म्हटल्या की ९६-९७. हे ऐकून भाचा फोनवर म्हणाला होता, "मग मामा, तीन-चार टक्केच गेले ना, बाकीचे?" बरोबर प्रश्न होता. दात दिसतात म्हणून सगळे दातांनाच धरतात.

दातांबद्दल एक सांगितल्याशिवाय मात्र मला राहवत नाही. गिअरचे दात एकमेकांवर लोळतात असं लोकांना वाटतं. लोळतात, पण दाताच्या साधारण मध्यावरच्या एकाच रेषेवर, पिच लाइनवर. त्या रेषेच्या वर आणि खाली ते एकमेकांवर घसरतात. जुना गिअर हातात घेऊन उजेडात धरा. पिच लाइनजवळ बारीक खड्डे दिसतील आणि टोकाकडे ओरखडे. खड्डे थकव्याचे, ओरखडे घसरण्याचे. आम्ही गिअर बघून सांगतो की तो कशाने मेला.

बाकीची ताकद तेल खातं. गिअर तेलात बुडालेले असतात, ते तेल घुसळत फिरतात. लोणी येत नाही, नुसतं तेल तापतं. मग सील. फिरणाऱ्या शाफ्टला रबराची ओठाळी सतत चिकटून असते, तिचं घर्षण. बेअरिंगचं घर्षण. आणि डायनोवर असाल तर टायरचं, हे बरंच मोठं. सपाट रस्त्यावर टायर जेवढा दबतो त्यापेक्षा गोल रोलरवर जास्त दबतो, त्यात पट्टे आवळून बांधलेले. पट्टे जास्त आवळले की आकडा खाली येतो, गाडी तीच.

नेटवर म्हणे सगळे पंधरा टक्के सांगतात. मागची चाकं ओढणारी असेल तर वीस, चारही ओढत असतील तर आणखी. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, पण टक्क्यांनी माणूस फसतो. पिठाची गिरणी बघा. दळण नसताना नुसती चालू ठेवली तरी मीटर फिरतंच. दळण टाकलं की आणखी फिरतं. गाडीचं तसंच. तेल घुसळणं, सील, बेअरिंग हे रिकाम्या गिरणीचं बिल, ते वेगावर ठरतं. दातांचं घर्षण हे दळणाचं बिल, ते जोरावर ठरतं. पूर्ण दाबून ९० घोडे काढले तेव्हा मापाचा फरक सोडून तेरा गेले म्हणजे साधारण पंधरा टक्के. पण कॉलेज रोडवर रांगत असताना इंजिन मुश्किलीने पाच-सहा घोडे देतं, तेव्हा रिकाम्या गिरणीचं बिल त्यातला किती मोठा वाटा खात असेल! उलट कुणी इंजिनाची ताकद दुप्पट करून आणली, तर गिअरबॉक्स बिचारा दुप्पट खात नाही.

माझी गाडी वेगळ्या जातीची. २०१२ ची डिझेल, इंजिन उभं, मागची चाकं ओढणारी. घरात तिला म्हातारी म्हणतात. तिच्यात ताकदीला शेवटी काटकोनात वळावं लागतं, आणि ते वळण क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या एका मोठ्या आणि एका छोट्या गिअरच्या जोडीत. हे हायपॉइड दात. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली जातो, दात मोठे आणि मजबूत होतात, आवाज कमी होतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या पॅकार्डने हे मोटारीत आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं. किंमत एकच, हे दात लोळण्यापेक्षा घसरतातच जास्त. म्हणून इथे चार-पाच टक्के सहज जातात, आणि म्हणून त्याला गंधकाचा वास येणारं ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, प्रचंड दाब सोसणारं) तेल लागतं. साधं तेल दातांमधून पिळून बाहेर पडतं. (हेच ईपी तेल गिअरबॉक्समध्ये मात्र विचारून टाका. गिअर सहज पडावा म्हणून बसवलेल्या पितळी सिंक्रो रिंग असतील तर काही ईपी तेलं त्या खातात.) म्हातारीच्या वाट्याला एक सुखही आहे. तिच्या चौथ्या गिअरमध्ये आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट सरळ एकमेकांना जोडले जातात. ताकद दातांतून न जाता थेट पुढे. डायनोवाले अशा गाड्यांना चौथ्यातच पळवतात ते म्हणून.

एकदा क्राउन-पिनियन जरा घूं करायला लागला तर एकाने ८५डब्ल्यू-१४० हे फार जाड तेल ओतून दिलं. "घट्ट टाकलं, आता आवाज बंद." आवाज बंद झाला. जानेवारीत सासुरवाडीला निफाडला गेलो. निफाडची थंडी माहीत असेलच, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. सकाळी गाडी काढली तर पहिले दोन किलोमीटर मागे ट्रॉली जोडल्यासारखी. तेल नव्हे, काकवी झाली होती.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

फेब्रुवारीत आम्ही पाच जण गडावर निघालो होतो, सप्तशृंगीला. यात्रेच्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, म्हणून आम्ही नेहमी आधी जाऊन येतो. दिंडोरी, वणी, सगळं ठीक. नांदुरीला चहाला थांबलो. जागा उताराची होती म्हणून हँडब्रेक जोरात ओढला. चहा झाला, निघालो, घाट सुरू झाला, आणि म्हातारी ओढेना. दरवर्षी जिथे तिसरा गिअर आरामात चालतो तिथे दुसरा टाकावा लागला. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला, तर दोन टनांचा ऐवज चाळीसच्या वेगाने वर न्यायला निव्वळ उचलण्याचे अठरा घोडे लागतात. कसाऱ्याला रेल्वे मागून बँकर इंजिनं लावते ती हौस म्हणून नाही, तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट आहे. आम्हाला कोण बँकर लावणार! वर पोचलो तेव्हा जळका वास येत होता. हिने नाक धरलं. सासूबाई म्हणाल्या, "देवीला नारळ दोन फोडा."

जळका वास म्हटल्यावर मी ठरवून टाकलं, क्लच गेला. नाशिकला आल्यावर गॅरेजवाल्यानेही एक चक्कर मारून तेच सांगितलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी. दहा हजारांच्या वर गेले. गाडी घेऊन निघालो आणि पाथर्डी फाट्यापर्यंतच कळलं की काही फरक नाही.

गॅरेजवाल्याला दोष देत नाही. मलाच अक्कल हवी होती. क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचे आरपीएम चढतात आणि वेग चढत नाही. घाटात माझे आरपीएम वेगाबरोबरच रडत होते. डोळ्यांसमोर काटा होता आणि मी नाकावर विश्वास ठेवला. क्लच प्लेटवरचं अस्तर आणि ब्रेक लायनर जवळपास एकाच कुळातले, जळले की वासही सारखाच.

आमच्या जुन्या कारखान्यात एक फोरमन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मशीन कुरकुरली की नवी पोरं कान लावायची, मीटर शोधायची. अण्णा येऊन हेडस्टॉकवर तळहात ठेवायचे. मग मोटरवर. मग गिअरबॉक्सवर. "इथं खातंय," म्हणायचे. ताकद कुठेतरी गेली म्हणजे ती तिथे उष्णता होऊन बसलेली असणार, दुसरीकडे जाणार कुठे? क्लच बदलून आल्याच्या रात्री अण्णा आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी काढली. गंगापूर रोडने दहा-बारा किलोमीटर सरळ गेलो, आणि थांबताना ब्रेक लावला नाही. हे महत्त्वाचं. ब्रेक लावला तर चारही चाकं तापतात आणि कळत काहीच नाही. म्हणूनच गड उतरून आल्यावर हात लावण्यात अर्थ नव्हता. गिअर काढून गाडी आपोआप थांबू दिली, उतरलो, आणि एकेका चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली. लांबूनच, कारण तापलेला ड्रम कातडी काढतो. पुढची दोन्ही कोमट. मागचं डावं कोमट. मागचं उजवं, वीतभर अंतरावरूनच झळ. डिफरन्शिअलला हात लावला, गरम पण सोसवेल इतकं, ते त्याचं नेहमीचं.

चाक खोललं. हँडब्रेकची केबल आत गंजलेली. ओढली की ओढली जायची, सोडली की पूर्ण परत येत नव्हती. नांदुरीच्या उतारावर मी जोर लावला तिथे ती जी अडकली ती अडकलीच. लायनर एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत झालेला.

केबल टाकायच्या आधी मी एक काम केलं, ज्यासाठी माझी बायको मला वेडा म्हणते. आमच्या वर्कशॉपजवळ एक सरळ, सपाट रस्ता आहे. शनिवारी सुट्टीमुळे कुत्रंही नसतं. ठरलेल्या विजेच्या खांबाशी गाडी बरोबर चाळीसवर आणली, गिअर न्यूट्रल केला, आणि ब्रेकला पाय न लावता बसून राहिलो. खांब मोजले. मग उलट दिशेने तेच, म्हणजे रस्त्याचा लपलेला चढ-उतार वजा होतो. सरासरी सात खांब. केबल, लायनर, ड्रम साफ, सगळं झाल्यावर पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. दहा खांब.

दोन खांबांत तीस मीटर. पावलांनी मोजलं होतं. दहावीचं गणित काढलं, गाडीचं आणि माझं वजन धरलं, तर तो एक ड्रम सुमारे दीडशे न्यूटनने मागे ओढत होता. चाळीसच्या वेगाला १.७ किलोवॅट, म्हणजे सव्वादोन घोडे. आमच्या बाथरूममधला गिझर दोन किलोवॅटचा आहे. म्हणजे मी साधारण एक गिझर उजव्या मागच्या चाकात चालू ठेवून गावभर फिरत होतो, आणि डिझेलचं ॲव्हरेज का पडलं म्हणून पंपवाल्यावर संशय घेत होतो. केबलला आणि लायनरला मिळून क्लचच्या पाव खर्चही आला नाही.

तर शनिवारी भाचा आला. मिसळ खाऊन अंबडला गेलो. त्याला वर सांगितलेलं सगळं ऐकवलं. पीएस-बीएचपी त्याला लगेच पटलं, दात अर्धे पटले, रोलरवर टायर दबतो हे त्याने स्वतः पाहिलं होतं म्हणून पटलं. नाशिक-पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहेत, हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे इथे साध्या पेट्रोल इंजिनातून पूर्ण नव्वद निघतच नाहीत आणि डायनोचं सॉफ्टवेअर ती तूट हिशेबात भरून देतं, हे सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. "म्हणजे ७६ पण खरे नाहीत?" म्हणाला. मी म्हटलं, "अरे, खरे खांब आहेत. चल."

त्याची गाडी चाळीसवरून सुटली आणि नवव्या खांबापाशी थांबली. उलट दिशेनेही नऊच. चारही चाकांजवळ हात नेला, कुठेच झळ नाही. ब्रेक मोकळे. मग मी वाकून पुढचा टायर दाबून बघितला आणि त्याला विचारलं, "हवा कधी भरली होतीस?"

"सर्व्हिसिंगला भरतात ना ते."

"सर्व्हिसिंग कधी झालं?"

उत्तर आलं नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं होतं. पंपावर लावलं तर पुढे २५ आणि २४, मागे २७. मऊ टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, जास्त सुटतो, आणि आतल्या आत तापत राहतो. चारही चाकांत ३३ करून परत रस्त्यावर आलो. यावेळी गाडी दहावा खांब ओलांडून थोडी पुढे गेली. भाचा खाली उतरून त्या खांबापासून बंपरपर्यंत पावलं मोजायला लागला.

डायनोचे किती दिलेस ते मी त्याला विचारलं नाही. पंपावरच्या पोराने हवेचे काही मागितले नव्हते, यानेच त्याच्या हातात दहाची नोट ठेवली होती.